जोडा

आजीचे पाय मी पाहिले आहेत.
बोटं फाकलेली, टाचा भेगाळलेल्या,
एका अंगठ्याचं नख
उसाच्या धसकटानं कायमचं नेलेलं.

एकतीस वर्षं तिनं पायात काही घातलं नाही.
ऐपत नव्हती हे तर होतंच,
पण सुरिनाममध्ये कायदाच होता तसा :
ज्याला मालक आहे त्यानं अनवाणी चालायचं,
म्हणजे रस्त्यावर दुरूनही कळावं
कोण माणूस आणि कोण मालमत्ता.

मग एके वर्षी जुलैच्या पहिल्या सकाळी
किल्ल्यावरून तोफा झाल्या. एकवीस.
लातेरुस्त मळ्यावर त्या ऐकू आल्या नाहीत,
वारा उलटा होता.
बातमी दुपारी होडीतून आली, खारवलेल्या माशांबरोबर.
लातेरुस्त म्हणजे डच भाषेत उशिराची विश्रांती.
नाव तरी खरं ठेवलं होतं मेल्यांनी, आजी म्हणायची.

कारकून वही उघडून बसला.
नाव?
अकुबा. बुधवारची, म्हणून अकुबा.
आडनाव?
ती गप्प.
मागे नव्वद माणसं, डोक्यावर ऊन.
त्यानं मालकाचंच नाव शेवटच्या अक्षराकडून लिहायला घेतलं.
सांडरचं झालं रेडनास.
दुसऱ्याचा उतरलेला कोट
आतली बाजू बाहेर करून घालावा, तसं
ते आम्ही अजून घालतो.
माझ्या शाळेच्या दाखल्यावरही तेच आहे.

आणखी एका वहीत तीनशे गिल्डर.
ते आजीचे.
म्हणजे आजीबद्दलचे.
म्हणजे सांडरला मिळाले.
आजीला मिळाला दहा वर्षांचा करार,
तोच ऊस, तीच घंटा,
फक्त शनिवारी तळहातावर नाणी.

त्यातल्या पहिल्या साडेतीन गिल्डरांचे तिनं बूट घेतले.
बायकी एकही पायात शिरेना.
फेरीवाल्यानं होडीच्या तळातून काढला
एक पुरुषी काळा जोडा, होता त्यात सर्वांत रुंद.
चर्चपर्यंत तिनं तो हातात नेला,
दारात घातला,
बाहेर पडली की परत हातात.
"पाय मातीला विचारून पडायचा," ती म्हणायची,
"बुटांना तिची बोली येत नव्हती."

क्वामिना तेव्हा तिथं नव्हता.
त्याला अकरा वर्षांपूर्वी विकलं होतं
नदीच्या वरच्या अंगाला, लाकडाच्या मळ्यावर.
लग्न कागदावर कधी लागलंच नव्हतं,
त्यामुळे कागदावर ते मोडलंही नाही.

तो आला पुढच्या वर्षी, संत्री उतरवताना,
कुबडीवर.
डावा पाय गुडघ्याखाली नाही.
ओंडका घसरला, एवढंच सांगायचा.
त्या ओंडक्याचं नाव काय होतं
हे आजीनं जन्मात विचारलं नाही.

दोघं त्या दिवशी काय बोलली
मला कुणी सांगितलेलं नाही.
तिनं उजवा बूट त्याच्यापुढे ठेवला.
नेमका बसला.
डाव्यात ती भेंडीचं बी ठेवू लागली,
चामड्याला उंदीर लागत नाहीत असा तिचा समज होता.
लागतात.

करार संपला त्याच आठवड्यात दोघं निघाली,
पारामारिबोकडे, नदीच्या बांधावरून.
ओल्या चिखलात मागे उमटत गेलं
एक बूट, एक कुबडी,
दोन अनवाणी पावलं.
पाठीवरच्या गाठोड्यात डावा, बियांसकट.

मी सहा वर्षांची झाले तेव्हा मला बूट आणले.
चावतात म्हणून मी रडले.
आजीनं नाडीला दुहेरी गाठ मारली.
"चावू देत," म्हणाली.
शाळेच्या वळणाआधी मात्र थांबली,
इकडेतिकडे पाहिलं,
खाली बसायला तिला बराच वेळ लागला,
आणि तिनंच ती गाठ सोडली.
"चाल थोडं.
कुणी सांगितलंय म्हणून नाही."
बूट मी हातात घेतले.
त्यातला एक तिनं घेतला.