पोर्ट ५१००

पंचहौदच्या मागच्या गल्लीत
सायकलवाल्याच्या दुकानावरचा जिना चढून गेलो
तेव्हा साळवेबाई हातानं आकडे उतरवत होत्या.
सत्तावीस झालेत, म्हणाल्या, वर न बघता.
नमुने त्रेचाळीस.
मशीन मोजतंय हो, पेशी न् पेशी मोजतंय,
पण कालच्या रात्रीपासून
कॉम्प्युटरशी बोलत नाही.

आधी केबल बघितली. नेहमी आधी तीच बघावी,
झाडताना लोक तिच्यावर पाय देतात.
केबल ठीक. हिरवा दिवा लुकलुकतोय.
कॉम्प्युटरवरून हाक मारली, मशीननं ओ दिली.
मग मशीनवरून पाच हजार शंभरवर टकटक केली
आणि काहीच नाही.
नकार आला असता तर बरं झालं असतं,
निदान कळतं, आत कोणीतरी आहे.
हे म्हणजे उंबऱ्यावर उभं राहायचं
वेळ संपेपर्यंत.

रात्री अपडेट आलं होतं.
ते मांजरासारखं रात्रीच येतं,
सकाळी एखादं भांडं पालथं दिसतं तेवढंच.

मागच्या वेळी तो पोरगा आला होता ना,
बाई म्हणाल्या, त्यानं फायरवॉलच बंद केली सगळी.
दोन महिने छान चाललं.
चालणारच. दाराची फळी काढून ठेवली
की वारा छानच येतो, बाई.

इनबाउंड. नवा रूल. पोर्ट. टीसीपी.
नंबर टाकला आणि बोट ठेवून वाचला,
एक शून्य जास्त पडलं
तर भलत्याच भिंतीला खिडकी पडते.
कोणाला येऊ द्यायचं?
इथं सगळे 'पुढे' दाबून मोकळे होतात.
मी त्या एका मशीनचा पत्ता लिहिला,
शेवटी चाळीस.
बाकीच्यांनी बाहेरच थांबायचं.

रूलला नाव द्या, म्हणालं.
काय देऊ, बाई?
रक्त, त्या म्हणाल्या,
अठ्ठाविसावा आकडा लिहीत.

चर्चच्या घंटा सातच्या वाजत होत्या
आणि पडद्यावर नावं उतरायला लागली,
रात्रीपासून अडकलेली, दाटीवाटीनं,
एकामागून एक.
बाईंनी पेन ठेवलं, बोटं मोडली.
चहा सांगते, म्हणाल्या.

एकतिसाव्या ओळीला लाल आलं.
तन्वीर अत्तार, वय नऊ.
प्लेटलेट अकरा हजार.

चहा राहिला.
नळी काढली, हलकेच उलटीपालटी केली,
नमुना पुन्हा मशीनवर चढवला.
मिनिटभर फक्त ते यंत्र घरघरत होतं
आणि खाली कोणीतरी
चाकाच्या तारा ठोकून बघत होतं.
मग आकडा आला, मी उघडलेल्या वाटेनं,
अडखळलासुद्धा नाही.
पुन्हा अकरा.

हातानं एकतिसापर्यंत पोचायला
अजून थोडा वेळ गेला असता,
असं काहीतरी त्या पुटपुटल्या, मला नव्हे.
फोन लावला. आधी डॉक्टर खळदकरांना,
दोनच वाक्यं. मग दुसरा.
अत्तार ना? लॅबमधून बोलतेय, साळवे.
तन्वीरची आई? हं.
नाही नाही, आत्ताच निघायचं. कोण आहे घरी?

मी बिलबुक काढलं होतं, ते परत पिशवीत सरकवलं.
उगाच एकदा भिंत तपासली: चालू.
रूलही जागेवर, नाव: रक्त.
चप्पल घालताना आवाज होऊ नये
एवढी काळजी घेत जिना उतरलो.

पाचशे रुपये दुसऱ्या दिवशी मागितले.
तेव्हा विचारलं, तो मुलगा?
भरती केलाय, बाई म्हणाल्या,
आणि सुटे नाहीत म्हणून
सहाशे दिले.