मर्यादा वाढवून मिळावी म्हणून

पेडण्याच्या शाखेत पंखा एकच,
आणि तो ज्युवेनाच्या कागदांवर.
प्रत्येक कागदावर तिनं पाचाचं नाणं ठेवलेलं,
माझ्या अर्जावर कोपर.

"मासिक उत्पन्न, बाय?"
मी म्हटलं, मीठ महिन्यावर पिकत नाही.
मार्गशीर्षात शेवाळ उपसायचं, पौषात चिखल तुडवायचा,
शिमग्याच्या आधी कधीतरी पहिली पांढरी साय,
मग वैशाखापर्यंत रोज तिन्हीसांजेला फळीनं ओढायचं.
उरलेलं वर्ष आगर खाडीचं.
तिनं सगळ्याला बारानं भागलं.
नऊ हजार चारशे.
मशीननं विचार केला
आणि मला वीस हजारांची मर्यादा दिली.

वीस हजारांत मानशीचं दार येत नाही.
जुनं दार खालून कुजलंय,
अमावास्येला खाडी आत येते आणि
विचारल्याशिवाय जात नाही.
मट्टीच्या फळ्या कोलवाळला मिळतात,
तिथला माणूस कार्ड घेतो, उधार नाही देत,
सुताराची मजुरी वेगळी.

मग मी पिशवीतून एक-चौदाचा उतारा काढला.
सतरा हजार चौरस मीटर, आगरवाडा, नाव माझं आणि बाबुसोचं.
विमानतळ झाल्यापासून गुडगावचा एकजण
दर शनिवारी फोन करतो.
मी तिथं चिखल्या पक्षी मोजते,
तो खोल्या मोजतो.
त्याचा आकडा सांगितला तेव्हा ज्युवेनानं चष्मा काढला.
"इतक्यात तू ही शाखा घेशील गो,
वर मला पगारावर ठेवशील."
तरी तो आकडा घालायला तिच्या पडद्यावर जागा नव्हती.
पगाराला रकाना, धंद्याला रकाना, पेन्शनला रकाना.
जे नुसतं आहे,
आजेसासऱ्यापासून उन्हात पडून आहे,
त्याला काही नाही.

बराच वेळ ती पेनाचं टोपण चावत राहिली.
"रस्त्यात तुकडा गेला त्याचे पैसे कुठं ठेवलेस?"
तुझ्याचकडे, मी म्हटलं. पाच लाख. फिक्स.
"मग आधी बोलायचं नाही?
ते मोडू नकोस. व्याज चालू राहील.
आम्ही फक्त वर बोजा चढवतो,
शंभरातले ऐंशी कार्डावर.
उत्पन्न कुणी विचारणार नाही."

बोजा म्हणे.
तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चाललेय,
ओलं मीठ मानेवरून आत पाझरतं, कातडी सोलते.
हा पहिलाच बोजा
जो पैशाच्या डोक्यावर, आणि मी मोकळी उभी.

आमच्या गोव्याच्या कायद्यानं अर्धं त्याचं, अर्धं माझं,
म्हणून सह्या दोन.
बाबुसोला रिक्षातून आणला, दम लागलेला,
पायरीवर बसून म्हणाला,
"माझ्या अर्ध्यावर चढव. तिचं राहू दे."
ज्युवेना म्हणाली, पैशाला मधोमध बांध नसतो.
त्यावर तो इतका हसला
की खोकल्यानं पुढचं बोलणं झालंच नाही.

चार लाख.
जे मागितलं त्याच्या कितीतरी पट.
घरी येऊन भीती वाटली, खोटं कशाला बोलू.
एवढं पाणी एकदम आगरात घेतलं
तर मीठ धरत नाही, हे मला कळतं.
बिलाला पन्नास दिवस, ज्युवेना सांगते.
पन्नास दिवस म्हणजे तीन उधाणं
आणि वर चार-पाच दिवस.
तेवढ्यात गेल्या सालची झावळ्यांखालची रास
माडांच्या मुळांना, लोणच्यांच्या बरण्यांना जाईल,
नाही गेली तर
तर बघू. वहीत लिहून ठेवलंय, तारखेला लाल गोल केलाय.

कोलवाळला फळ्या निवडल्या, बोटांनी ठोकून,
एक परत केली, गाठ होती.
त्यानं मशीन पुढे केलं.
कार्ड घातलं तर म्हणालं, वाचता येत नाही.
बाहेर काढून पाहिलं,
सोनेरी चौकोनावर माझ्या अंगठ्याचा पांढरा ठसा.
पदरानं पुसलं.
परत घातलं.