शेरा

तक्त्यात सात रकाने आहेत.
शेवटचा शेऱ्याचा, बोटभर रुंद.
त्यात "सुरक्षित" मावतं.
"कुणाला?" मावत नाही.

प्लॉट एफ-बावन्न, लोट्याच्या माळावर.
इथे होड्यांच्या इंजिनांचे नोझल बनतात,
केसाएवढ्या भोकांचे.
भोकात तेलाचा कण राहिला
तर दाभोळच्या तोंडापुढे, ऐन पाण्यात
इंजिन खोकतं आणि गप्प बसतं.
म्हणून हे धुणं.
कुणाचा तरी नवरा घरी यावा
म्हणून.

आधी जे वापरायचे त्याला
वास नव्हता, रंग नव्हता, ते पेटत नव्हतं.
इतकं गुणी की त्याचं जाणं-येणं
कुणी विचारलंच नाही.
टाकीतून उठायचं, पत्र्याच्या फटीतून निघायचं,
वर पोचायला काही वर्षं,
पोचल्यावर पिढ्यान् पिढ्या मुक्काम.

माझ्या आधीच्या मुकादम साहेबांनी ते बंद केलं.
अकरा भेटी, चार नोटिसा,
एकदा गाडीची हवा काढलेली.
आभाळ बुजतंय म्हणतात.
मी मान वर करून बघते:
एक घार, बाकी निळं.
भोक पडलं तेव्हाही हे असंच दिसत असणार.

मग पर्याय आला.
पिंपावर हिरवं पान छापलेलं.
ओझोनच्या रकान्यात आकडा शून्याला टेकलेला.
मी सही केली.
बरं वाटलं होतं त्या दिवशी,
येताना परशुरामाच्या वळणावर चहा घेतला.

टाकीवर अनसूया भुवड, दोन वर्षं.
"चप्पल कधी सुटली कललाच नाय मॅडम,
घरी पोचले तं येकाच पायात!"
हसतच सांगितलं तिने.
मग म्हणाली, यंदा लावणीला
चिखल गार की कोमट, ते कळेना.
उंबऱ्याची ठेच तिला रक्त बघून समजली.
दुखलं नाही, म्हणून रजा नाही,
रजा नाही, म्हणून नोंद नाही.

डॉक्टर हमदुल्यांनी तिच्या घोट्यावर
थरथरता चिमटा टेकवला.
"थांबला की सांगा."
ती वाट बघत राहिली, मग हळूच:
"सुरू झाला काय?"

मी रेडिजांना म्हटलं, पाण्याने धुवा.
साबण, गरम पाणी, वाळवणारी भट्टी.
रेडीज म्हणाले, ही खारी हवा बघता ना?
रात्री ठेवलेला नोझल सकाळी तांबूस.
भट्टी घेतो, कर्ज काढतो.
पण ते तेलकट पाणी मॅडम, ते कुठे सोडू?
खाडीत?
चिडून नाही, खरंच विचारत होते.
खिडकीतून खाडी दिसत नव्हती,
तरी आम्ही दोघांनी तिकडेच पाहिलं.

त्या रात्री मी नवा कागद घेतला.
पट्टीने रेघा मारल्या:
आभाळ. शेडमधली हवा. पाय. पाणी. आग. गंज.
आणि बारीक अक्षरात,
टाकीवर उभ्या माणसाला विचारलं का,
कधी, कोणत्या भाषेत.
एका रकान्यातलं काढलं की
दुसऱ्यात पडतं, हे मला कळतं.
पण कुठे पडलं ते दिसावं तरी.

वरून उत्तर आलं सव्वीस दिवसांनी:
नमुना निश्चित आहे. रकाने सातच ठेवावेत.

ठेवलेत.
मात्र शेऱ्यात मी "मागे पाहा" लिहिते
आणि मागची पूर्ण बाजू भरते.
उलटून कोण वाचतं, माहीत नाही.
एफ-बावन्नच्या टाकीला झाकण आलंय,
भट्टीचा हप्ता चालू आहे,
पाण्याच्या पिंपांना अजून गाव सापडलेलं नाही.

अनसूया आता पॅकिंगला बसते.
पाळी सुटली की कठडा धरून
खाली बघत उतरते,
पायरीवर आधी डोळा ठेवते,
मग पाय.