पूल तुटला नाही त्याची गोष्ट

बखरकार लिहितो: पूल गवताचा, लांबी साठ पावलं,
खाली नदी इतकी खोल
की तिचा आवाज वर यायला दमतो.
घोड्यांचे डोळे बांधून नेले.
तीनशे शिपाई, अकरा खेचरं, चांदीच्या चौदा पेट्या.
एका पाद्र्याची टोपी वाऱ्यानं नेली,
तीही नोंदवली आहे त्यानं, अर्ध्या ओळीत.

चुंपी कार्वाला अर्धी ओळही नाही.

ती तेव्हा पलीकडच्या चढावर बसून
मोजत होती. चांदी नव्हे.
दोर किती वेळा कण्हतो ते.

डोंगरमाथ्यावरचं हे गवत, इचू म्हणतात त्याला,
लामासुद्धा नाइलाजानं खातात.
ते दगडावर ठेचायचं, भिजवायचं,
मग दोन तळव्यांत वळत राहायचं,
चाळीस वर्षं.
तिचा हात बघून
कुणा ज्योतिषाला काही सांगता आलं नसतं,
एकही रेघ शिल्लक नव्हती.

बारीक सुतळी बायकांनी वळायची,
जाड दोर पुरुषांनी गुंफायचे,
आणि पूल ताणला जात असताना
बाईनं दरीजवळ फिरकायचं नाही.
नदीला राग येतो म्हणे.

त्या वर्षी घाई होती.
खालून निरोप आला, निरोपामागून चाबूक.
लोकांनी मुदतीआधीच गवत कापून आणलं,
वरून सगळं सारखंच पिवळं.
चुंपीनं एक काडी दातांत धरली, चावली, थुंकली.
मुकादम पाउकारला म्हणाली,
"हे अजून दूध पितंय."
तो हसला. हसायलाही
त्याच्याकडे फार वेळ नव्हता.

मग सहा रात्री ती उठली.
सोबत फक्त सून, लाक्सा, आठव्या महिन्यातली.
शेकोटी नाही, उजेड दिसला असता.
बोटांनी ओळखत एकेक कोवळी सुतळी उलगडायची,
तिच्या जागी जुनं, कडक वाळलेलं वळून भरायचं.
जुनं कुठून आणलं?
अर्धं छपरातून.
उरलेलं, लाक्साच्या बाळंतपणात अंथरायला
कोपऱ्यात राखून ठेवलेलं होतं,
ते.

घोडे गेले. खेचरं गेली. टोपी उडाली.
पूल डावीकडे कलला, सावरला,
आणि काही झालं नाही.

इथंच तर सगळं बिघडलं.
तुटला असता तर त्याला तारीख मिळाली असती,
मेलेल्यांची यादी, चौकशी, साक्षी,
पाउकारचं नाव, शिक्षेसकट,
आणि साक्षीत कदाचित कुणी म्हणालं असतं,
एक म्हातारी काहीतरी बडबडत होती खरी.

तुटला असता तर बरं झालं असतं,
असं म्हणणारेही होते गावात.
बुडू दे की ती चांदी, बुडू दे ते शिपाई.
चुंपी कधी कुणाशी वाद घालत नसे,
एवढंच म्हणाली,
"पेट्या काय आपल्या पायांनी चालतात?"
चौथी पेटी तिच्या धाकट्याच्या पाठीवर होती.

नातू जन्मला उघड्या जमिनीवर,
अर्ध्या छपराखाली, चांदण्या दिसत होत्या.
लाक्सा त्या रात्री सासूला काय काय बोलली
ते मला माहीत नाही,
पण गप्प राहिली नसावी.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
असं आपण म्हणतो, तेही रागानं, कुणाच्या तरी ताठ्याबद्दल.
तिकडे सुंभ जाळत नाहीत.
नवा पूल ताणून झाला
की जुना कापून नदीत सोडतात,
दरवर्षी, टाळ्या न वाजवता.
चुंपीचा पूलही असाच गेला,
पुढच्या वर्षी, एका दुपारी,
आणि मुलं काठावरून ओरडत
त्याच्यासोबत थोडी धावली.

त्या डोंगरावर आजही एखादी मुलगी
काडी दातांत धरते, चावते, थुंकते,
म्हणते, अजून आठ दिवस.
कुणी शिकवलं विचारलं
तर खांदे उडवते,
आणि पुढची काडी उचलते.