तूट

वडनेरच्या जिनिंगवर, काट्याच्या खोलीत
लाइट टिकते, म्हणून मी इथं बसते.
मांडीवर लॅपटॉप, त्यात दूरच्या बोगद्यातली एक टक्कर:
दोन म्युऑन एकाच बाजूला उडालेले,
समोर काहीच नाही.
आडव्या संवेगांची बेरीज शून्य यायला हवी.
येत नाही.

बाहेर कापूस उतरवून ट्रक परत काट्यावर.
नंदूमामा वही पाहतो, चष्मा कपाळावर सरकवतो:
"साठ किलो कमी भरून राह्यलं.
कोन उतरलं बे मधातच?"
पऱ्हाट्यांच्या गंजीमागून
क्लीनर येतो, नाडी बांधत.

हिग्जला आणखी भावंडं असतील तर
त्यांतलं सगळ्यात हलकं, कधीच न मोडणारं,
उजेडाशी ज्याचं बोलणं नाही,
ते जोडीनंच निसटेल
आणि मागं एवढीच तूट ठेवेल.
पण तूट बहुतेकदा न्यूट्रिनोची निघते,
नाहीतर यंत्रातल्या फटीची.
तीन वर्षं मी नुसते क्लीनर वजा करतेय.

"सापडलं का वं तुहं?"
नाही मामा. कुठं नाही, तेवढं कळलं,
मागच्यापेक्षा जरा जास्त.
"म्हंजे काटा बरोबर हाये,"
म्हणत तो पावतीवर शिक्का मारतो
आणि पुढच्या ट्रकला हात करतो.