तेल सुटेपर्यंत

जुळे सोलापूरच्या बाईंची ऑर्डर :
चोवीस बार. शेंगादाण्याचं लोणी, वर चॉकलेट,
अंडं नको, शनिवारी पाचपर्यंत.
हो म्हणून बसले.
(वड्या म्हणू नकोस, बार म्हण, असं लेकीनं बजावलेलं.
वडीला दहा रुपये मिळतात, बारला पन्नास.)

दाणे भाजले मंद आचेवर,
सालं पाखडायला गच्चीवर गेले.
वारा नव्हताच, मीच फुंकत राहिले.
मिक्सरचं भांडं तीनदा घासलं,
लिंबानं, बेसनानं, पुन्हा लिंबानं,
तरी झाकणाच्या रबरात लसूण बसलेलाच.
इतक्या वर्षांच्या चटणीचा लसूण,
त्यानं तरी कुठं जायचं?

दाण्याचं आधी कूट होतं,
मग ते कडेला चिकटून हट्टाला पेटतं.
मिक्सर तापतो. थांबायचं. हात लावून बघायचा. पुन्हा.
अक्का उखळात चटणी कुटताना म्हणायची,
तेल सुटलं की थांबायचं बघ,
त्यापुढं चटणी नसती, चिखल असतो.
आज मी त्या चिखलाकडेच निघालेले.
आणि चिखल कसला,
एकाएकी सैल झालं सगळं,
चमच्यावरून धार पडली
रेशमासारखी, बदामी.
अक्काला दाखवावं असं वाटलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, महानंदा.
गेल्या दिवाळीनंतर स्वयंपाकघरात मधोमध भिंत आली.
उखळ तिच्याकडं गेलं, मिक्सर माझ्याकडं.
भांडण गॅसच्या टाकीवरून सुरू झालं
आणि टाकीवर थांबलं नाही.

भिशीच्या पैशातला ओव्हन.
आत एकशे ऐंशी, बाळीवेशीत त्रेचाळीस,
मधे मी, घाम पुसायला
कारखान्यातला दोन नंबरचा टॉवेल.
मैदा, गूळ, अंड्याच्या जागी दही,
कडा तांबूस झाल्या तसा ट्रे काढला.
वर वितळलेलं चॉकलेट ओतलं, ट्रे आपटून सपाट केलं,
फ्रिजचं दार उघडलं
आणि लाईट गेली.

एक वीस. दोन. सव्वादोन.
चॉकलेट मला बघत होतं, मी चॉकलेटला.
बोट टेकवलं तर बोटाचा ठसा.
पलीकडं अक्काचा इन्व्हर्टर गुरगुरत होता,
भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं.
माझा मिक्सरही तिला आलाच असेल,
आणि मग माझं गप्प बसणंही.

भिंतीला दार ठेवलेलं नाही.
गल्लीतून वळसा, अकरा पावलं,
उन्हात ट्रे दोन्ही हातांवर, पदर दातात.
तिनं दार उघडलं. काही विचारलं नाही.
ताकाचं पातेलं बाहेर काढलं,
आमरसाचा डबा वरच्या कप्प्यात कोंबला,
जागा झाली.

दीड तास.
ती वाती वळत होती.
मी उखळाकडं बघत होते. त्यात तिनं
कांदे ठेवलेत आता.

सुरी लावली तर चॉकलेटला तडा गेला,
एक कोपरा निसटून पडला.
थांब गं, म्हणाली,
आणि फडताळातून सुताची बॉबिन काढली,
दाजींच्या मागावरची, पांढरी, पीळदार.
एक टोक तू धर.
ताण. अजून ताण.
सूत ट्रेमधून सरळ उतरलं,
खाली तळाला टेकलं तेव्हा
दोघींच्या मुठी ट्रेच्या दोन बाजूंना.
आडव्या तीन, उभ्या पाच,
मोजताना फक्त आकडे बोललो.

पडलेला कोपरा तिनं तोंडात टाकला.
बराच वेळ चघळत राहिली.
मीठ कमी आहे, म्हणाली.
मग म्हणाली, लसूण लागतोय.
माझ्या पोटात गोळा. लागतोय?
मला लागतोय. त्यांना नाही लागायचा.

लाईट कधी आली कळलं नाही,
माझ्या घरात पंखा एकटाच फिरत होता.
डब्यात भरले तेवीस,
तडा गेलेला आम्ही दोघींनी संपवला,
उभ्या उभ्या, फ्रिजचं दार उघडं ठेवून.

साडेचार झालेत.
बाईंना फोन करायचा राहिलाय.