नाव उसनं

आठ दिवस झाले, सामान टोपलीत पडून आहे:
दोन स्पीकर, आठ चॅनलचा मिक्सर, स्टँड,
आणि सहा मीटरची एक केबल.
चार हजार दोनशे शहाऐंशी रेआल.
बारा हप्ते, बिनव्याजी.
त्यातलं 'बिनव्याजी' त्यांनी जाड ठशात छापलंय,
लग्नाच्या मांडवात व्याह्याचं नाव छापावं तसं.

तेरेझिनात या वेळेला पंखासुद्धा गरम श्वास टाकतो.
काजूबोंडांचं सरबत, पुढ्यात फोन,
मी कार्ड निवडतेय.
म्हणजे माणूस निवडतेय.

कारण माझं नाव मळलंय.
असंच म्हणतात इथे, बँकेत आणि बाजारात:
नाव मळलं.
जेनिवाल्दोच्या मोटरसायकलसाठी मी सही दिली होती.
मोटरसायकलवर बसून तो गेला,
हप्ते राहिले,
दारामागच्या खुंटीवर त्याचं हेल्मेट राहिलं तसे.
कपडे असते तर पार्नाइबावर नेऊन आपटले असते.
नावाला पाच वर्षं लागतात.
तीन झाली.

जोझिवानचं कार्ड निळं.
बहिणीचा नवरा. तो लगेच हो म्हणाला,
इतक्या लगेच की मी घाबरले.
त्याला विमानाचे पॉइंट हवेत.
माझ्या स्पीकरवर बसून तो लिस्बनला जाणार,
आणि शिवाय पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला
गाणी मी वाजवायची, फुकट,
"घरचंच तर आहे."

दोना देउझिमारचं कार्ड काळं, जड,
टेबलावर ठेवलं तर आवाज येतो.
त्यांच्याकडे मी इस्त्री करते, सोमवार ते शुक्रवार.
त्या काही विचारणार नाहीत.
पैसे देऊन विसरणारी माणसं ती.
पण शनिवारी त्या म्हणतील, "पाहुणे येतायत गं,"
आणि माझ्या तोंडातला नकार
बारा महिने तोंडातच विरघळेल.
वाढदिवस सगळे शनिवारीच असतात.

राहिली फ्रान्सिनेत मावशी.
तिचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात,
रुमाल औषधांच्या डब्यात.
मर्यादा चार हजार तीनशे.
म्हणजे माझ्यानंतर
तिच्या कार्डात उरतील शंभर रेआल,
आणि तिची रक्तदाबाची गोळी दर महिन्याला महागते.
मी हे तिला सांगितलं.
ती म्हणाली, "मोटरसायकल आहे का?"
म्हटलं, "नाही."
"चाकं आहेत का त्याला?"
"स्टँडला पाय आहेत, मावशी. तीन."
"मग कुठे जाणार ते," म्हणाली,
आणि रुमालाची गाठ सोडायला घेतली.
दातांनी.

*कार्डावर छापलंय तसं नाव लिहा.*
मी लिहिलं: फ्रान्सिनेत आ. दे सोझा.
एकेक अक्षर, जपून,
कुणाच्या तरी कपाटातली चांगली साडी नेसताना
पदर जमिनीला लागू नये, तसं.
मग थांबले.
टोपलीतून केबल बाहेर काढली.
चार हजार दोनशे. बाराने भागून साडेतीनशे.
गोल आकडा मावशीच्या लक्षात राहील,
पाच तारखेला सकाळी सहाला ती आवाजी निरोप धाडेल,
मागे कोंबडा ओरडत असेल,
आणि मी त्याआधीच पैसे पाठवलेले असतील.
असतील. हे मी लिहून ठेवतेय.

माझंही एक कार्ड आहे खरं तर.
गेल्या महिन्यात आलं, मर्यादा दीडशे,
पाकिटासोबतचं अभिनंदनाचं पत्र कार्डापेक्षा मोठं.
त्यावर घेतली केबल.
शहाऐंशी रेआल, दोन हप्त्यांत, त्रेचाळीस आणि त्रेचाळीस.
कार्डावर छापलंय तसं नाव:
व्हाल्दिरेने प. लिमा.
यंत्राने क्षणभर विचार केला. गोल गोल फिरलं.
मीही श्वास धरला, उगाच, शहाऐंशीसाठी.
मंजूर.

स्पीकर अजून साओ पावलोच्या कुठल्याशा गोदामात आहेत.
संत जुआंवचे जाळ पेटायला पंधरा दिवस उरलेत.
केबल मात्र आज आली,
दोन टोकांना दोन चकचकीत पिना,
जोडायला घरात काही नाही.
वेटोळं करून टांगली दारामागे.
हेल्मेट काढून.